सशाचे केस, बाल्कनीतला पिंजरा आणि पुण्याची थंडी

पत्राचा सारांश: कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आहे. घरात त्या, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. अडीच वर्षांपूर्वी मुलीच्या हट्टाखातर पांढरा ससा आणला. आता वजन साधारण दोन किलो. दुकानदारानं 'नर आहे' असं सांगितलं होतं. कोजागरीपासून त्याचे केस पुंजक्यांनी गळतायत, पाठीवर एका जागी टक्कल पडल्यासारखं दिसतंय. त्यावर दोनदा बेबी शाम्पूनं आंघोळ घालून झाली, खोबरेल तेल चोळून झालं, पोटातले केस विरघळतात असं ऐकून अननसाचा रसही पाजून झाला. खायला पोळी, गाजर, कोबी, अधूनमधून बिस्किट आणि वाटीभर पेलेट (सशांसाठी विकत मिळणारे दाबून केलेले दाणे). थंडी वाढल्यापासून बाल्कनीतला जाळीच्या तळाचा पिंजरा रात्री चारही बाजूंनी प्लॅस्टिकनं बांधून आत ६० वॉटचा बल्ब लावतात. आठवडाभर सशाला शिंका येतायत. सासूबाईंना जुना दमा आहे, स्वयंपाकघरात केस उडतात म्हणून त्या वैतागल्या आहेत. 'वेताळ टेकडीवर सोडून या, मोकळा तरी राहील,' असं त्यांचं म्हणणं. ताई विचारतात: ऐन थंडीच्या तोंडावर केस गळतात म्हणजे हा आजार आहे का? त्याला घरात घ्यावं का? आणि सासूबाईंचं ऐकावं का?

ताई,

आधी शिंकांबद्दल लिहितो, कारण तुमच्या पत्रात त्या शेवटच्या ओळीत आल्या आहेत आणि खरं तर त्या सगळ्यात वर हव्या होत्या. ससा नाकानंच श्वास घेतो, आपल्यासारखं तोंड उघडून भागवता येत नाही. त्यामुळे चोंदलेलं नाक ही त्याच्यासाठी किरकोळ सर्दी नसते. उद्या सकाळी त्याचे पुढचे पाय हातात घेऊन आतल्या बाजूचे केस बघा. ते चिकटून कडक झाले असतील तर तो नाक पायांनी पुसतोय. नाकातून पांढरट स्राव, डोळ्यांत पाणी, खाण्यात घट, यातलं काहीही दिसलं तरी दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. काहीच दिसलं नाही, तरी आठवडाभराच्या शिंका हे कारण पुरेसं आहे. दवाखान्यात जायच्या आधी फोन करून विचारा, 'ससे नेहमी तपासता का?' कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ससे हाताळतात असं नाही, आणि औषधांत मोठा फरक असतो. अमॉक्सिसिलीन हे माणसांना सर्रास दिलं जाणारं अँटिबायोटिक तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मरून त्याचा जीव जाऊ शकतो. घरातलं उरलेलं लहान मुलांचं सिरप म्हणूनच कधीही देऊ नका.

शिंका आल्या कुठून, याचा अंदाज तुमच्या पत्रातूनच बांधता येतो. सकाळी प्लॅस्टिक सोडायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसतात का ते पाहा. मग पिंजऱ्याच्या ट्रेपासून चार बोटांवर स्वतःचं नाक न्या. तिथे डोळ्यांना झोंबणारा वास आला, तर सशानं रात्रभर तोच श्वासात घेतलाय. मूत्रातून अमोनिया सुटतो, बल्बच्या उबेनं तो जास्त सुटतो आणि प्लॅस्टिकमुळे बाहेर पडत नाही. नाकाच्या आतलं अस्तर त्यानं चुरचुरतं, आणि एरवी नाकात गप्प बसलेले जंतू डोकं वर काढतात. सशाला थंडी लागू नये म्हणून तुम्ही जे केलंत ते मायेनंच केलंत, पण त्यानं थंडी अडली नाही, हवा अडली.

आता केसांचं. 'थंडी आली की केस वाढायला हवेत, गळतात कसे?' हा तुमचा प्रश्न ऐकायला बरोबर वाटतो. गृहीत धरलेली गोष्ट अशी की एकच कोट असतो आणि तो दाट किंवा विरळ होतो. सशाचं तसं नसतं. पातळ उन्हाळी केस टाकून खालून दाट हिवाळी केस येतात, आणि जुने गेल्याशिवाय नवे पुरते वर येत नाहीत. म्हणजे कोजागरी-दिवाळीच्या सुमाराला पुंजके निघणं ही थंडीची तयारी आहे. दुसरी, बऱ्याचदा याहून मोठी गळ, म्हणजे केसगळती, उन्हाळा लागताना येते, आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या काळातही थोडंथोडं गळत राहतंच.

ही घडी शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून लावतं. दिवस लहान होत गेला की आतून निरोप जातो, 'कोट बदला.' रात्रभर नाकासमोर ६० वॉटचा बल्ब जळत असेल तर त्या शरीराला दिवस लहान झालेला कळणार कसा? दिवे उशिरापर्यंत चालू असणाऱ्या घरातले ससे वर्षभर अर्धवट गळत राहतात ते यामुळेच. एरवी एक गळ दोन ते सहा आठवड्यांत आटोपते. तुमची लांबलीय, त्यात बल्बचा हात असावा असं माझं मत आहे. बल्ब काढायला आणखी दोन साधी कारणं आहेत: ससा वायर कुरतडतो, आणि वाळलेल्या गवताशेजारी तापलेला बल्ब म्हणजे आगीला आमंत्रण.

तरीही गळ आणि आजार यांतला फरक तुम्हाला घरी ओळखता यायला हवा. खिडकीच्या उजेडात बसा, ससा मांडीवर घ्या आणि टक्कल वाटणाऱ्या जागी केसांवर हलकी फुंकर मारा. केस दुभंगतील आणि कातडी दिसेल. कातडी स्वच्छ, फिकट गुलाबी असेल आणि तिच्यावर मखमलीसारखे आखूड नवे केस उगवलेले दिसले, तर ती गळच. गळ सहसा डोक्याकडून सुरू होऊन मान, पाठ आणि मग कुशी अशी मागे सरकते. मध्येच जुन्या-नव्या केसांची सीमारेषाही दिसते. ज्यांच्या सशाची गळ तुकड्या-तुकड्यांत होते त्यांनाही हीच फुंकर उपयोगी पडेल, कारण बघायची ती कातडी.

याउलट खांद्यांच्या मधोमध आणि पाठीवर कोंडा दिसला, तर तो काळ्या कागदावर झटकून दोन मिनिटं नीट पाहा. कोंड्याचे कण सरकताना दिसले तर ते माइट्स, म्हणजे कातडीवरचे अगदी बारीक किडे आहेत, आणि ते माणसाच्या हातावरही खाज उठवतात. नाक, कान किंवा पंजांवर गोल, खपली धरलेला डाग असेल तर बुरशी, म्हणजे नायटा असू शकतो. तोही माणसाला लागतो, आणि मुलीला सगळ्यात आधी, कारण ती त्याला गालाशी धरते. कानात तपकिरी पापुद्रे साचले असतील तर कानातले माइट्स. या तिन्हींवर नेमकी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनी वजन पाहून द्यायची. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर टाकायचं फिप्रोनिलचं औषध सशाला विषारी आहे. दुकानदार 'सगळ्यांना चालतं' म्हणाला तरी घेऊ नका.

हनुवटीखालचे केस सतत ओले असतील तर दातांची तक्रार असते, आणि शेपटीखालचे जात असतील तर लघवीत भिजून कातडी पोळलेली असते. अशा जागी कातडी लालसर दिसते.

आणि तो 'नर' आहे हे दुकानदाराचं म्हणणं एकदा तपासून घ्या. लहान पिल्लांत नर-मादी ओळखताना चूक होणं अगदी नेहमीचं आहे. छाती आणि पोटाचे केस स्वतःच्या तोंडानं उपटून, गवत तोंडात धरून ती कोपऱ्यात नेत असेल, तर ती मादी आहे आणि घरटं बांधतेय. नर जवळ नसतानाही खोट्या गाभणपणात हे होतं, आणि दोन-अडीच आठवड्यांत थांबतं. मादी निघाली तर नसबंदीबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला. नसबंदी न केलेल्या माद्यांत वय वाढतं तसं गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण फार असतं.

आंघोळ आता बंद. सशाचा अस्तराचा थर इतका दाट असतो की कातडीपर्यंत भिजला तर सुकायला तास न् तास लागतात, आणि ओला कोट ऊब धरत नाही. डिसेंबरच्या पुण्यात ओला ससा म्हणजे हमखास गारठलेला ससा. शिवाय पाण्यात धरल्यावर तो घाबरतो, झटका मारतो, आणि मागच्या पायांच्या त्या जोरानं स्वतःचाच मणका मोडून घेऊ शकतो. ढुंगण घाणीनं भरलं असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसून लगेच कोरडा करायचा, बाकी काही नाही. तेलही नको. तेलानं केस चिकटतात, ते चाटून पोटात जातात, आणि थंडीत अंगाभोवती हवेचा जो कोरडा थर हवा असतो तो राहत नाही.

अननसाच्या रसामागचं तर्कशास्त्र असं, की त्यातलं पाचक द्रव्य प्रथिनं तोडतं, म्हणून केसही तोडेल. केस ज्या केराटिनचे बनतात ते त्याला दाद देत नाही. राहते ती साखर, आणि सशाच्या आतड्यात साखर गेली की नको ते जीवाणू वाढतात. इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे, तो सोडवू या. ससा स्वतःला चाटतो, केस गिळतो, आणि मांजरासारखे ओकून टाकू शकत नाही, कारण त्याला उलटी करता येतच नाही. म्हणून लोक घाबरतात की केसांचा गोळा आतडं अडवेल. पण आतडं नीट चालत असेल तर ते केस लेंड्यांतून रोज निघून जातात. अडचण उलट्या बाजूनं सुरू होते: चारा कमी, पाणी कमी, भीती किंवा दुखणं यामुळे आतड्याची चाल मंदावते, पोटातलं पाणी शोषलं जातं आणि मग केस नि अन्न यांचा घट्ट गोळा होतो. गोळा हा परिणाम आहे. उपाय म्हणून केसांच्या मागे न लागता आतड्याची चाल राखायची.

ती चाल राखतं ते वाळलेलं गवत. तुमच्या यादीत पोळी आहे, बिस्किट आहे, गाजर आहे, पण गवत कुठेच नाही, आणि मला केसांपेक्षा या गोष्टीची काळजी जास्त वाटते. सशाच्या खाण्याचा पाच भागांतला चार भाग गवतच असायला हवं: रोज त्याच्या अंगाएवढा ढीग, आणि तो चोवीस तास समोर. ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत उत्तम, पण महाग. पुण्यात स्वस्तात भागवायचं तर हरळी चांगली. दूर्वांच्या जुड्या मंडईत फुलवाल्यांकडे बारा महिने मिळतात. दोन-तीन पाण्यांतून धुऊन सुती कापडावर पसरा, थोड्या ताज्या द्या, बाकीच्या सावलीत वाळवून ठेवा. ओल्या जुड्यांचा ढीग मात्र ठेवू नका, आतून तापतो आणि कुजतो. गोठेवाल्यांकडे ज्वारीचा कडबा मिळतो. त्याची पानं आणि बारीक ताटं चालतील, तीही मुख्य गवताला जोड म्हणून. कोवळी हिरवी ज्वारी मात्र अजिबात नाही, तिच्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, हे कुठलाही शेतकरी सांगेल. लसूणघासात (गुरांना घालतात त्या हिरव्या चाऱ्यात) प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. रोज दिला तर लघवी गढूळ होऊन खडे होण्याची भीती असते, पण नवा कोट उगवत असताना आठवड्यातून दोन-तीनदा छोटी मूठ दिली तर फायदाच आहे, केस शेवटी प्रथिनांचेच बनतात. पावसाळ्यात साठवलेलं कुठलंही गवत घेताना वास घ्या. कुबट वास किंवा करडी धूळ म्हणजे बुरशी, ते फेकायचंच. रस्त्याकडेचं गवतही आणू नका, त्यावर फवारणी असते आणि कुत्री मुतलेली असतात.

हा बदल एका दिवसात करू नका. बिस्किट आजच बंद करा. पोळी रोज थोडी कमी करत आठवड्यात शून्यावर आणा, पेलेट दोन आठवड्यांत ४० ते ५० ग्रॅमवर, त्यातही रंगीबेरंगी दाणे आणि बिया मिसळलेलं मिश्रण नको. कोबीनं पोट फुगतं, त्याऐवजी कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला दिवसाला दोन मुठी. गाजर स्वतः गोड असतं, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. पाणी नळीच्या बाटलीऐवजी जड चिनी मातीच्या वाडग्यात ठेवा, वाडग्यातून ससे जास्त पितात. सकाळ-संध्याकाळ बदला, आणि पहाटे अगदी गार झालेलं पाणी ओतून साधं ठेवा.

गळतीच्या दिवसांत लेंड्या रोज बघायच्या. गोल, वाटाण्याएवढ्या, फोडल्या तर आत गवताचा चुरा, या चांगल्या. माळेसारख्या केसांनी जोडलेल्या लेंड्या म्हणजे केस निघतायत, पण गवत आणि पाणी वाढवा, जास्त विंचरा. लेंड्या बारीक, काळ्या, कडक व्हायला लागल्या तर सावध व्हा. आणि १०–१२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंडीच पडली नाही, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्री चालू असलेला दवाखाना गाठायचा. सशात हे दुखणं पाहता पाहता जीवावर बेततं. दिवाळीत फटाक्यांच्या भीतीनंही आतडं थांबतं, त्या चार दिवसांत लक्ष दुप्पट ठेवावं लागतं.

आता विंचरणं. गळ जोरात असताना रोज १०–१५ मिनिटं, एरवी आठवड्यातून दोनदा. जागा जमिनीवर, जुन्या चादरीवर. उंच टेबलावर नको, उडी मारली तर पाय मोडतो. हात पाण्यानं नुसते ओलसर करा आणि मानेपासून शेपटीकडे दोन्ही हातांनी निवांत फिरवा. अर्धे सुटे केस असेच हाताला चिकटून येतात आणि हवेत उडत नाहीत. मग रबरी दातांचा ब्रश, तो नसेल तर भांडी घासायचा खरखरीत रबरी हातमोजाही चालतो. शेवटी बारीक दातांची फणी, फार हलक्या हातानं. जे पुंजके आपोआप वर आलेत ते चिमटीत धरून केसांच्या दिशेनं अलगद ओढले तर निघतात. अडले तर सोडून द्या, ते अजून तयार नाहीत. तारेचे दात असलेला ब्रश आणि पाते असलेली केस उपसायची हत्यारं वापरू नका. सशाची कातडी फार पातळ असते, आपल्याला दिसायच्या आत फाटते. गुंता झाला तर कात्री तर मुळीच नको, कारण ओढल्यावर कातडीचा डोंगर वर येतो आणि तोच कापला जातो. गुंत्यावर थोडं कॉर्नफ्लॉवर चोळून बोटांनी उकलत जा. पोटासाठी त्याला पाठीवर उताणं झोपवू नका. त्या अवस्थेत तो शांत दिसतो, पण ते भीतीनं आलेलं जडत्व असतं. मुलगी समोर बसून दूर्वा भरवेल आणि तुम्ही विंचराल, असं दोघींत वाटून घेतलं तर काम अर्ध्या वेळात होतं.

झाडूनं केस गोळा होत नाहीत, उडतात. आधी ओल्या फडक्यानं पुसून घ्या, मग झाडा. लेंड्या फेकू नका. शेणासारखं त्यांना कुजवत ठेवावं लागत नाही, थेट कुंडीत मातीवर पसरता येतात. सासूबाईंच्या तुळशीला आणि जास्वंदीला महिनाभर घालून बघा.

पिंजऱ्याकडे वळू. तुमच्या प्रश्नामागे असं गृहीत आहे की पुण्याची थंडी सशाला सोसणार नाही. घरगुती ससा युरोपातल्या ज्या रानसशांपासून आला ते स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचे, बिळांत राहणारे. निरोगी, मोठ्या सशाला १५ ते २० अंश सेल्सिअस हवा सुखाची वाटते, आणि कोट कोरडा असेल, आडोसा असेल, तर त्याहून पुष्कळ खालचंही तो सोसतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्री १०–१२ अंश, कधी ८ किंवा त्याखाली, पाषाणसारख्या भागात शिवाजीनगरपेक्षा आणखी कमी. हे त्याच्या आवाक्यातलं आहे. त्याला न सोसणाऱ्या तीन गोष्टी म्हणजे अंगावर येणारा वाऱ्याचा झोत, ओल आणि कोंडलेली हवा. चौथी म्हणजे २८ अंशांच्या वरची उष्णता, आणि ती आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीही बाल्कनीच्या उन्हात सहज येते. तीन महिन्यांखालचं पिल्लू, सहा वर्षांपुढचा, फार बारीक किंवा आजारी ससा यांची गोष्ट वेगळी. त्यांना घरात, कोपऱ्यात घ्यावं. शिंका थांबेपर्यंत तुमच्या सशालाही रात्री आत घेणं बरं, पण पंखा किंवा हीटर नसलेल्या खोलीत, आणि रात्री दिवा मालवून.

मग बाल्कनीत पिंजऱ्याच्या आत किंवा पिंजऱ्याला जोडून एक झोपायची पेटी करून घ्या. १२ मिलिमीटर प्लायवूड, लांबी २४ इंच, रुंदी १८, उंची १६. दोन किलोच्या सशाला एवढी पुरते. मोठी केलीत तर त्याच्या अंगाच्या उबेनं ती तापत नाही. दार ७ इंच रुंद, ८ इंच उंच, मधोमध नको, एका टोकाला ठेवा, म्हणजे दुसऱ्या टोकाला वाऱ्यापासून लपायला जागा मिळते. छपराच्या खालीच, दाराच्या विरुद्ध भिंतीला एक इंची तीन भोकं. ती बुजवायची नाहीत, ओल आणि अमोनिया तिथूनच बाहेर पडतो. छप्पर बिजागरीचं करा, साफसफाईला हात घालता येतो. कडा कुरतडू नयेत म्हणून ॲल्युमिनियमची एल-पट्टी ठोका, खिळ्यांची टोकं आत राहू देऊ नका. आतून रंग किंवा पॉलिश नको. पेटी फरशीपासून विटांवर चार इंच उचला, फरशीचा गारवा वर चढत नाही.

तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर आणि त्यावर भाताचा पेंढा सहा इंच. तो त्यात स्वतःची बीळवजा जागा करतो. सुतारकामाचा देवदार किंवा पाइनचा भुसा नको, त्यातली वासाची तेलं सशाला बाधतात. ओला झालेला भाग रोज काढायचा, आठवड्याला सगळं बदलायचं. शाल, स्वेटर, लोकरीची घोंगडी आत घालू नका, ते धागे पोटात गेले की निघत नाहीत.

पिंजऱ्याचा जाळीचा तळ उद्याच झाका. त्या तारांवर बसून सशाच्या मागच्या टाचा आधी उघड्या पडतात, मग सोलतात, मग जखम होते. थंडीत त्याच तारांमधून खालचा वारा अंगाला लागतो. तीन चतुर्थांश तळावर लाकडी फळी, वर शिंदीच्या पानांची चटई घाला. ती त्यानं कुरतडली तरी बिघडत नाही, प्लॅस्टिकची चटई मात्र नको. उरलेल्या कोपऱ्यात ट्रे ठेवा, त्यात कागद आणि वर गवत. ससे एका कोपऱ्यात लघवी करायला आपोआप शिकतात.

प्लॅस्टिकऐवजी गोणपाट. वारा कुठून येतो ते आधी शोधा: ससा दुसऱ्या खोलीत ठेवून, रात्री आठच्या सुमाराला पेटीच्या उंचीवर उदबत्ती धरा आणि धूर कुठे वाकतो ते पाहा. त्या बाजूला आणि छपराच्या अर्ध्या भागावर गोणपाट, समोरची बाजू उघडी. गोणपाट जाळीच्या बाहेरून बांधा, सकाळी आठला गुंडाळा. दुपारी ऊन सरळ पडत असेल तर तोच गोणपाट सावलीसाठी लावा. जाळी कोंबड्यांची षट्कोनी असेल तर बदलून वेल्डिंगची घ्या, अर्धा इंच भोकांची. घुशी आणि मांजरं त्या पातळ जाळीला फार वेळ घेत नाहीत. डासांची कॉइल त्या बाल्कनीत लावू नका, धूर त्याच्याच नाकात जातो.

ससा बाल्कनीतच झोपत असेल तर बल्ब मात्र एका रात्रीत बंद करू नका, उबेची सवय झालीय. आधी पेटी तयार करा, पेंढा भरा, दोन रात्री बल्ब दूर आणि कमी वॉटचा ठेवा, तिसऱ्या रात्रीपासून बंद. एखाद्या रात्री पारा फारच उतरला तर कोमट पाण्याची बाटली जाड सुती कापडात गुंडाळून पेटीच्या भिंतीला बाहेरून टेकवा, म्हणजे नको वाटलं तर तो दुसरीकडे सरकू शकतो.

'घरात घ्यावं का?' याचं उत्तर सगळ्यांसाठी सारखं नाही. दमेकरी माणूस नसेल, उशिरापर्यंत दिवे आणि टीव्ही नसेल, वायरी झाकलेल्या असतील, तर हॉलचा एक कोपरा उत्तम. ड्राय बाल्कनी अनेकांना सुचते, पण तिथे वॉशिंग मशीनची ओल, थरथर आणि साबणाचा वास असतो, मला ती जागा आवडत नाही. तुमच्या घरी सासूबाईंचा दमा लक्षात घेता मी बाल्कनीच निवडेन, शिंका थांबल्यावर, वर सांगितलेल्या पेटीसह. रोज संध्याकाळी तीनेक तास त्याला हॉलमध्ये चादरीवर मोकळं सोडा. ते मुलीशी खेळण्यापुरतं नाही, हालचाल नसली की आतडंही मंदावतं.

सासूबाईंच्या बाबतीत तुम्ही लिहिलंय की त्यांना ससा 'नकोच आहे'. पत्र नीट वाचलं तर त्यांची तक्रार स्वयंपाकघरातल्या केसांची आणि खोकल्याची आहे, आणि ती खरी आहे. ॲलर्जी केसांनी होत नाही, केसांवरच्या लाळेनं, कोंड्यानं आणि मूत्रातल्या प्रथिनांनी होते. गवताची धूळही तेवढाच त्रास देते. म्हणून गवत बंद डब्यात बाल्कनीत, विंचरणं त्यांच्या खोलीपासून लांब, पिंजरा साफ करायचं काम त्यांच्याकडे कधीच नाही. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना ससा आहे हे सांगून ॲलर्जीची तपासणी करून घ्या. एक-दीड महिन्यात खोकला कमी झाला तर सगळे मिळून राहाल. तपासणीत सशाचीच ॲलर्जी निघाली आणि दमा बळावला, तर ससे पाळायची माहिती असलेलं घर शोधून, पेटी-पिंजऱ्यासह तो तिथे देणं हा योग्य निर्णय असेल. त्यात अपराधी वाटून घेऊ नका.

टेकडीवर सोडणं मात्र नाही. आपल्या टेकड्यांवर दिसतो तो रानससा वेगळ्याच जातीचा आहे. तो उघड्यावर जन्मतो, मातकट रंगामुळे गवतात मिसळतो, पळून जीव वाचवतो, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. तुमच्या पांढऱ्या सशाला ना बीळ मिळेल ना पळायची सवय, एक-दोन रात्रींत कुत्री किंवा मुंगूस त्याला गाठतील. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा ठिकाणी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे. सासूबाईंना 'मोकळा राहील' असं वाटतं त्यात त्याच्याबद्दलची कणवच आहे, तेव्हा ही माहिती त्यांना भांडणाच्या सुरात न सांगता चहाच्या वेळी सांगा.

क्रम असा ठेवा: प्लॅस्टिक आणि बिस्किट आज, तळाची फळी आणि गवत उद्या, डॉक्टर दोन दिवसांत, पेटी आठवड्यात. फेब्रुवारीत दुसरी गळ सुरू व्हायच्या आधी रबरी ब्रश आणून ठेवा, आणि मार्चच्या अखेरीला पेटीतला पेंढा अर्धा करून गोणपाट ओला करून सावलीला लावायची तयारी ठेवा, कारण तुमच्या सशाला पुण्याच्या डिसेंबरपेक्षा पुण्याचा एप्रिल जड जाणार आहे.